प्रोस्टेट आणि केस, दोन्हीसाठी एकच हर्बल कॅप्सूल: घ्यावी का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. म्हणजे वय ५४, रात्री तीनदा उठावं लागतं, लघवीची धार पूर्वीसारखी राहिली नाही, डोक्यावर मधोमध केस विरळ झालेत, आणि कुणीतरी एक हर्बल कॅप्सूल सुचवलीय जिच्यावर प्रोस्टेट आणि केस दोन्ही लिहिलंय, आत सॉ पाल्मेटो, भोपळ्याच्या बियांचं तेल, झिंक, सेलेनियम, व्हिटॅमिन ई आणि बायोटिन. विचारताय की घेऊ का, किती दिवस घेऊ, आणि २६ वर्षांच्या मुलाचेही केस गळतायत तर त्याला यातलीच दिली तर चालेल का.

आधी माझ्याबद्दल एवढंच की मी युरॉलॉजीवाला, म्हणजे लघवीच्या आणि प्रोस्टेटच्या दुखण्यांचा डॉक्टर, वीस वर्षांहून जास्त काळ हेच काम, आणि स्वतः पूर्ण टकला, त्यामुळे केसांच्या बाबतीत माझा कुठलाही स्वार्थ नाही हे समोरच्याला दिसतंच. अशा बाटल्या पेशंट ओपीडीत जवळजवळ रोज टेबलावर ठेवतात, बरेचदा निघताना, दार अर्धं उघडल्यावर, "डॉक्टर हे पण चालू आहे बरं का" असं म्हणत. खरं तर तीच गोष्ट पहिल्यांदा सांगायला हवी असते.

उत्तर थोडक्यात हवं असेल तर प्रोस्टेटसाठी सॉ पाल्मेटोचा उपयोग होत नाही हे आता पुरेसं तपासून झालंय, केसांसाठी फार तर "कदाचित थोडासा" म्हणता येईल, मुलाला आत्ता देऊ नका, आणि तुम्ही स्वतः काहीही तोंडात टाकण्याआधी दोनचार तपासण्या करून घ्या कारण त्या बाटलीतल्या एका गोष्टीमुळे त्या तपासण्याच चुकू शकतात. ते कसं ते पुढे सांगतो.

एकाच कॅप्सूलवर प्रोस्टेट आणि केस दोन्ही का लिहितात, हे समजलं की अर्धं कोडं सुटतं. ही निव्वळ थाप नाहीये, मुळात शास्त्र आहे. पुरुषाच्या शरीरात टेस्टोस्टेरॉनचं एका एन्झाइममुळे, फाइव्ह-अल्फा-रिडक्टेजमुळे, डीएचटी नावाच्या जास्त जोरदार हार्मोनमध्ये रूपांतर होतं. हे डीएचटी प्रोस्टेट वाढवतं, आणि ज्यांच्या घराण्यात टक्कल आहे त्यांच्या डोक्यावरची केसांची मुळं हळूहळू बारीक करत जातं. म्हणजे एकच हार्मोन एका ठिकाणी वाढ करतं आणि दुसऱ्या ठिकाणी उजाड करतं, आहे की नाही गंमत. १९४२ मध्ये जेम्स हॅमिल्टन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने दाखवलं होतं की वयात येण्याआधी ज्यांचे वृषण काढले गेले त्या पुरुषांना टक्कल पडत नाही, पण घराण्यात टक्कल असेल आणि त्यांना टेस्टोस्टेरॉन दिलं तर पडायला लागतं. मग १९७४ मध्ये डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या काही कुटुंबांचा अभ्यास आला, तिथल्या काही मुलांमध्ये हे एन्झाइम जन्मतःच कमी होतं, मोठेपणी ती माणसं पुरुषच होती पण प्रोस्टेट छोटं आणि केस कपाळावर जिथल्या तिथे. त्यावरूनच फिनास्टेराइड हे औषध आलं, १९९२ मध्ये ५ मिलीग्रॅमची गोळी प्रोस्टेटसाठी आणि १९९७ मध्ये त्याच औषधाची १ मिलीग्रॅमची गोळी केसांसाठी. एकच औषध, दोन डोस, दोन दुखणी.

आता हर्बलवाल्यांचा तर्क असा की सॉ पाल्मेटोच्या फळाचा अर्क प्रयोगशाळेत ह्याच एन्झाइमला अडवतो, मग तो म्हणजे नैसर्गिक फिनास्टेराइड. इथेच गाडी रुळावरून घसरते. काचेच्या भांड्यात पेशींवर अर्क थेट ओतणं वेगळं आणि माणसाने कॅप्सूल गिळल्यावर ती पोटातून, लिव्हरमधून जाऊन प्रोस्टेटपर्यंत पुरेशी पोचणं वेगळं. फिनास्टेराइडने रक्तातलं डीएचटी साधारण ७० टक्के खाली येतं आणि पीएसए, म्हणजे प्रोस्टेटमधून रक्तात येणारं आणि प्रोस्टेटच्या तपासणीत मोजतात ते प्रथिन, निम्म्यावर येतं. सॉ पाल्मेटोने पीएसए हलतसुद्धा नाही. लोक हे चांगलं लक्षण समजतात, "बघा, तपासणीत काही बिघडत नाही", पण मला विचाराल तर ती कबुलीच आहे. जी गोष्ट खरोखर डीएचटी पाडते तिची खूण पीएसएवर उमटतेच.

सॉ पाल्मेटो म्हणजे अमेरिकेच्या आग्नेय भागात, मुख्यतः फ्लोरिडात उगवणारा एक बुटका पाम. त्याच्या फळांतून तेलकट अर्क काढतात, त्यात मुख्यतः फॅटी ॲसिड्स असतात, नेहमीचा डोस दिवसाला ३२० मिलीग्रॅम. नव्वदच्या दशकात याचे बरेच छोटे छोटे अभ्यास झाले आणि बहुतेकांत फायदा दिसला, मीही सुरुवातीच्या वर्षांत "घ्या, नुकसान तर नाही" असं म्हणायचो, खोटं कशाला बोलू. मग २००६ मध्ये एक नीट बेतलेला अभ्यास आला, २२५ पुरुष, दिवसातून दोनदा १६० मिलीग्रॅम, पूर्ण एक वर्ष. हा अर्क वासाने, चवीने ओळखू येतो म्हणून त्यांनी तुलनेसाठी दुसऱ्या गटाला दिलेली खोटी, औषध नसलेली कॅप्सूलसुद्धा तेलकट आणि कडवट बनवली होती की कुणाला पत्ता लागू नये. वर्षभरानंतर दोन्ही गटांत फरक शून्य. लोक म्हणाले डोस कमी पडला असेल. ठीक आहे, २०११ मध्ये दुसरा अभ्यास आला, ३६९ पुरुष, ७२ आठवडे, डोस ३२० वरून ६४० आणि मग ९६० मिलीग्रॅम, म्हणजे तिप्पट. तरीही काही नाही.

त्या दुसऱ्या अभ्यासातले आकडे बघण्यासारखे आहेत. लघवीच्या तक्रारी मोजायला आमच्याकडे एक प्रश्नावली असते, आयपीएसएस, ० ते ३५ गुण, ७ पर्यंत सौम्य, ८ ते १९ मध्यम, २० च्या पुढे तीव्र. सॉ पाल्मेटोवाल्यांचे गुण १४.४ वरून १२.२ वर आले, म्हणजे बरं वाटलं. पण खोट्या कॅप्सूलवाल्यांचे १४.७ वरून ११.७ वर आले, म्हणजे त्यांना जरा जास्तच बरं वाटलं! आता तुम्हाला ज्याने ही बाटली सुचवली तो खोटं बोलत नाहीये, त्याला खरंच फरक पडला असणार. प्रोस्टेटच्या तक्रारी वरखाली होतच असतात, माणूस बाटली विकत घेतो ती तक्रार सगळ्यात जास्त असताना, मग ती आपोआप थोडी उतरते आणि श्रेय बाटलीला जातं. शिवाय कॅप्सूल सुरू केली की माणूस स्वतःकडे लक्ष देतो, रात्रीचं पाणी कमी करतो, दारू जरा आवरतो. असो.

एक गोष्ट सॉ पाल्मेटोच्या बाजूने सांगायलाच हवी, नाहीतर अन्याय होईल. युरोपच्या औषध नियामक संस्थेने हेक्झेन नावाचं द्रावक वापरून काढलेल्या एका विशिष्ट अर्काला मान्यतेचा दर्जा दिलेला आहे, आणि तिथले काही डॉक्टर तो नेमाने देतात. पण तो औषधासारखा मोजूनमापून बनवलेला अर्क, आणि तुमच्या बाटलीतली गोष्ट तीच आहे हे लेबलवरून कळायला मार्ग नसतो. बऱ्याच बाटल्यांत अर्क नसून नुसती फळांची पूड असते, तिच्यात फॅटी ॲसिड्स फारच कमी, आणि सॉ पाल्मेटोच्या नावाखाली स्वस्त वनस्पती तेलं घातल्याची प्रकरणं माहितीतली आहेत. आणि वेगवेगळे अर्क एकत्र धरून केलेला मोठा आढावासुद्धा २०२३ मध्ये पुन्हा हेच म्हणाला की एकट्या सॉ पाल्मेटोचा फायदा नगण्य.

बाकीच्या वनस्पतींचं पटकन सांगतो. पायजियम, म्हणजे आफ्रिकन चेरीच्या झाडाची साल, हिच्यावर १८ अभ्यास, १५६२ पुरुष, रात्रीचं उठणं साधारण १९ टक्क्यांनी कमी झालेलं दिसलं, पण ते अभ्यास सरासरी दोन महिन्यांचेच, जुने, आणि दर्जा यथातथा. वर सालीसाठी इतकी झाडं सोलली गेली की १९९५ पासून तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं आहेत. बीटा-सिटोस्टेरॉल मला यातल्या त्यात बरं वाटतं, १९९५ च्या जर्मन अभ्यासात २०० पुरुषांना २० मिलीग्रॅम दिवसातून तीनदा सहा महिने दिलं, तक्रारी कमी झाल्या आणि धारही सुधारली, फक्त प्रोस्टेटचा आकार मात्र तेवढाच राहिला आणि सहा महिन्यांपुढचं फारसं कुणी तपासलेलं नाही. खाजकुइलीसारखी आग करणाऱ्या नेटल नावाच्या झुडपाचं मूळ युरोपात वापरतात, पुरावा पातळ. भोपळ्याच्या बियांवर जर्मनीतच १४०० हून जास्त पुरुषांचा वर्षभराचा अभ्यास झाला, त्यात बियांच्या अर्काच्या कॅप्सूलपेक्षा नुसत्या बिया खाणाऱ्यांचं थोडं बरं निघालं, ते पण थोडंच. गोखरू टेस्टोस्टेरॉन वाढवतो म्हणून विकतात, माणसांवरच्या बहुतेक अभ्यासांत तो वाढवत नाही. आणि जरा विचार करा, एकाच कॅप्सूलमध्ये डीएचटी कमी करणारं म्हणून सॉ पाल्मेटो आणि टेस्टोस्टेरॉन वाढवणारं म्हणून गोखरू, दोन्ही लिहिलेलं मी पाहिलंय. लेबल लिहिणाऱ्याने तरी एकदा ठरवावं की नेमकं काय करायचंय.

आता तुमच्या बाटलीतलं जे मला खरंच खटकलं ते म्हणजे व्हिटॅमिन ई, सेलेनियम आणि झिंक. लोकांना वाटतं ह्या तर साध्या व्हिटॅमिनच्या गोष्टी, वनस्पतींना एक वेळ घाबरू पण याला काय. उलट आहे. व्हिटॅमिन ई आणि सेलेनियमने प्रोस्टेटचा कॅन्सर टळेल या आशेने अमेरिकेत ३५ हजारांहून जास्त पुरुषांवर प्रचंड अभ्यास केला, रोज ४०० युनिट व्हिटॅमिन ई आणि २०० मायक्रोग्रॅम सेलेनियम, २००८ मध्ये तो मधेच थांबवावा लागला कारण फायदा काहीच दिसेना, आणि २०११ मध्ये पुढचे आकडे आले तेव्हा नुसतं व्हिटॅमिन ई घेणाऱ्यांमध्ये कॅन्सर १७ टक्क्यांनी जास्त निघाला. टाळायला गेले आणि वाढवून बसले. झिंकचं तसंच, रोज १०० मिलीग्रॅमच्या वर झिंक घेणाऱ्यांमध्ये पुढे गेलेल्या स्टेजचा कॅन्सर दुपटीहून जास्त दिसला असं २००३ चं एक निरीक्षण आहे. निरीक्षणच आहे, झिंकमुळेच तसं होतं हे सिद्ध झालेलं नाही, पण जास्त झिंकने शरीरातलं तांबं कमी होतं, रक्त कमी होतं, हातपाय बधिर होतात, हे मात्र पक्कं. तुमच्या कॅप्सूलमध्ये १०-१५ मिलीग्रॅम असेल तर त्याची काळजी नको, पण लोक तीन बाटल्या एकत्र घेतात आणि तिन्हींत झिंक असतं, बेरीज कुणी करत नाही.

आणि आता बायोटिन, ज्यासाठी मी वर थांबा म्हटलं. मोठ्या माणसाला दिवसाला ३० मायक्रोग्रॅम पुरतं, केसांच्या गोळ्यांत सर्रास ५००० किंवा १०००० असतं. बायोटिनची कमतरता नसलेल्या माणसाचे केस त्याने वाढतात असा धड पुरावा नाही, जास्तीचं लघवीवाटे निघून जातं, म्हणून सगळे म्हणतात निरुपद्रवी. पण रक्ताच्या बऱ्याच तपासण्यांची यंत्रं स्वतःच बायोटिनचा वापर करून मोजतात. रक्तात बायोटिन भरपूर असलं की त्या यंत्राचा हिशोब चुकतो. थायरॉइडचे आकडे उलटसुलट येतात, हार्ट अटॅकमध्ये बघतात ते ट्रोपोनिन खोटं कमी येऊ शकतं, २०१७ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, यावर इशारा दिला तेव्हा त्यात एका मृत्यूचा उल्लेख होता. आणि यंत्राच्या पद्धतीनुसार पीएसएसुद्धा खरा असतो त्यापेक्षा कमी येऊ शकतो. म्हणजे बघा, केसांसाठी म्हणून घातलेली गोष्ट प्रोस्टेटच्या तपासणीवर पडदा टाकते, आणि दोन्ही एकाच बाटलीत. म्हणून पीएसए आधी करा, बाटली सुरू झालीच असेल तर निदान तीन दिवस बंद ठेवून मग रक्त द्या, आणि लॅबमध्ये सांगा.

हर्बल म्हणजे निर्धोक असं ज्यांना वाटतं त्यांना मी पीसी-स्पेसची गोष्ट सांगतो. आठ वनस्पतींचं मिश्रण होतं, त्यात सॉ पाल्मेटोही होतं, प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशंटमध्ये पीएसए धडाधड खाली यायचा, डॉक्टरसुद्धा चाट पडले होते. मग तपासल्यावर काय निघालं, तर आत स्त्रियांच्या हार्मोनचं कृत्रिम औषध, रक्त पातळ करणारं वॉरफरिन आणि इंडोमेथासिन नावाचं वेदनाशामक. २००२ मध्ये बाजारातून गेलं. तेव्हापासून माझा एक नियम आहे की वनस्पतीची कॅप्सूल औषधाइतकी झपाट्याने लागू पडायला लागली तर आधी खूश न होता संशय घ्यायचा. आयुर्वेदिक म्हणून इंटरनेटवर विकलेल्या १९३ उत्पादनांची २००८ मध्ये तपासणी झाली होती, साधारण पाचातल्या एकात शिसं, पारा किंवा आर्सेनिक मिळालं. सगळीच तशी नसतात, पण कुठली तशी आहे हे बाटलीकडे बघून कळत नाही.

चला, आता खऱ्या मुद्द्याकडे, तुमचं रात्री तीनदा उठणं. यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवणार आहे कारण इथेच लोक सगळ्यात जास्त चुकतात. पन्नाशीच्या पुढचा पुरुष रात्री उठतो म्हटलं की सगळे प्रोस्टेटकडे बोट दाखवतात, पण माझ्या ओपीडीत निव्वळ रात्रीचं उठणं घेऊन येणाऱ्यांत अनेकांचा दोष प्रोस्टेटचा नसतोच. शुगर वाढलेली असते. झोपेत घोरणं आणि श्वास अडकणं असतं, त्यात हृदयावर ताण येऊन शरीर रात्रीच जास्त लघवी बनवतं. दिवसभर पायांत साठलेलं पाणी आडवं झाल्यावर रक्तात परत येतं. ब्लड प्रेशरची लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी घेतलेली असते. किंवा झोपच कच्ची असते, जाग आली म्हणून माणूस बाथरूमला जातो आणि त्याला वाटतं लघवीमुळे जाग आली.

हे शोधायला कुठलीही बाटली नको, एक मोजमापाचं भांडं आणि वही पुरे. तीन दिवस प्रत्येक वेळची लघवी मोजून वेळेसकट लिहा, रात्रीची वेगळी दिसेल अशी. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी रात्रीच्या खात्यात धरा, तिथे सगळे चुकतात. चोवीस तासांतली एक तृतीयांशाहून जास्त लघवी रात्री होत असेल तर किडनी रात्रपाळी करतेय, प्रोस्टेट बिचारं उगाच बदनाम. आणि प्रत्येक वेळी थोडी थोडीच होत असेल, धार अडखळत असेल, नंतर राहिल्यासारखं वाटत असेल, तर मग प्रोस्टेट किंवा मूत्राशय. एक गृहस्थ दोन वर्षं अशाच कॅप्सूल घेऊन आले होते, वही बघितली तर रात्रीची लघवी सव्वा लिटर, एकेका वेळी भरपूर. शुगर तपासली, चांगलीच वाढलेली. प्रोस्टेट नॉर्मल. दोन वर्षं गेली ती गेली.

तर तपासण्या अशा: लघवीची साधी तपासणी, शुगर, किडनीचं काम बघायला क्रिएटिनिन, पीएसए, आणि सोनोग्राफी ज्यात लघवी केल्यानंतर किती उरते तेही मोजतात. आणि बोटाने तपासणी, हो, तीच, दहा सेकंदांची असते, लाजू नका. लघवीत रक्त दिसलं, लघवी अडली, जळजळीसोबत ताप आला, हाडं दुखायला लागली, वजन उतरायला लागलं, यातलं काही असेल तर वही वगैरे सोडा आणि थेट दाखवा.

एक अजून, हे कुणीच सांगत नाही म्हणून सांगतो. सर्दीच्या गोळ्या. नाक मोकळं करणारं स्युडोएफेड्रिन मूत्राशयाचं तोंड आवळतं आणि झोप आणणाऱ्या जुन्या ॲलर्जीच्या गोळ्या मूत्राशयाचा जोर कमी करतात, दोन्ही मिळून लघवी पूर्ण अडू शकते. मध्यरात्री लघवी तुंबून कॅथेटर घालायला आलेल्यांना मी पहिला प्रश्न हाच विचारतो की सर्दी झाली होती का.

तपासणीत प्रोस्टेटच निघालं तर उपाय आहेत. टॅमसुलोसिनसारखी गोळी काही दिवसांतच धार मोकळी करते, पण मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलेलं असेल तर डोळ्याच्या डॉक्टरांना आधी सांगा कारण ती डोळ्याची बाहुली ढिली करते. फिनास्टेराइड प्रोस्टेट आकाराने कमी करतं, पण हळू, सहा महिने लागतात, आणि त्यावर असताना पीएसएचा आकडा दुप्पट करून वाचायचा असतो, हे लिहून ठेवा कारण पुढचा डॉक्टर विसरू शकतो. आणि सौम्य तक्रार असेल तर काहीच न घेता नुसतं लक्ष ठेवणं हाही उपचारच आहे, फक्त त्याची बाटली मिळत नाही.

आता केस. इथे मी तज्ज्ञ नाही, त्वचेचे डॉक्टर जास्त सांगतील, पण हार्मोनची बाजू माझ्या गल्लीतली आहे. इथे सॉ पाल्मेटोची बाजू प्रोस्टेटपेक्षा किंचित बरी, कारण निदान कुणी धडधडीत नाही म्हटलेलं नाही, पण ते मुख्यतः मोठे अभ्यास झालेच नाहीत म्हणून. २०१२ चा एक इटालियन अभ्यास आहे, १०० पुरुष, दोन वर्षं, सॉ पाल्मेटोवर ३८ टक्क्यांना सुधारणा आणि फिनास्टेराइडवर ६८ टक्क्यांना. जाहिरातवाले ३८ चा आकडा सांगतात आणि ६८ गिळतात. त्यात खोट्या गोळीचा गटही नव्हता, म्हणजे त्या ३८ पैकी किती आपोआप हे सांगता येत नाही. भोपळ्याच्या बियांच्या तेलाचा २०१४ चा कोरियन अभ्यास, ७६ पुरुष, दिवसाला ४०० मिलीग्रॅम, २४ आठवड्यांत केसांची संख्या ४० टक्क्यांनी वाढली आणि खोट्या गोळीवर १० टक्क्यांनी, ऐकायला झकास, पण त्या कॅप्सूलमध्ये बाकीच्याही वनस्पती होत्या, मग श्रेय नेमकं कुणाला. रोझमेरी तेल २ टक्के मिनॉक्सिडिलच्या, म्हणजे केस वाढण्यासाठी डोक्याला लावायच्या औषधाच्या, बरोबरीचं म्हणून गाजतंय, त्यामागे २०१५ चा एकच अभ्यास, दोन्हीकडे पन्नास पन्नास जण, आणि तुलना केली ती मिनॉक्सिडिलच्या कमी ताकदीशी. माका, म्हणजे भृंगराज, त्याचं केसांवरचं कौतुक बरंचसं उंदरांच्या पाठीवर मोजलेलं आहे. तेल लावून मालिश करा, छान वाटतं, मी कुणाला नाही म्हणत नाही, फक्त त्याने डीएचटी कमी होईल ही अपेक्षा नको.

काहीही करायचं तर वेळ द्यावा लागतो. केस महिन्याला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतो, त्यामुळे सहा महिन्यांच्या आत कुठल्याही उपायाचा निकाल लावण्यात अर्थ नाही, आणि "पंधरा दिवसांत फरक" म्हणणारा एक तर केसांना रंग लावतोय नाहीतर तुम्हाला टोपी घालतोय. एकाच जागी, एकाच उजेडात, ओल्या नसलेल्या केसांचा दर महिन्याला फोटो काढा, आरसा रोज बघून काही कळत नाही.

मुलाचं. २६ व्या वर्षी केस गळतायत म्हणजे टक्कलच असं धरून चालू नका. कपाळाच्या दोन्ही बाजूंनी मागे सरकतंय किंवा डोक्यावर चांदी दिसतेय तर ते घराण्याचं, पण सगळीकडून मूठ मूठ केस येत असतील तर दोनतीन महिन्यांपूर्वी ताप, आजारपण, ऑपरेशन, एकदम वजन कमी करणं असलं काही झालं होतं का ते आठवा. त्यातले केस बहुधा स्वतःच परत येतात, आणि त्या काळात जी बाटली चालू असेल ती हिरो बनते. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइड बघून घ्या. घराण्याचंच निघालं तर मिनॉक्सिडिल आणि फिनास्टेराइड याबद्दल त्याने स्वतः त्वचेच्या डॉक्टरांशी बोलावं, फिनास्टेराइडच्या १ मिलीग्रॅमच्या अभ्यासांत लैंगिक तक्रारी ३.८ टक्क्यांना होत्या, खोट्या गोळीवर २.१ टक्क्यांना, काहींना औषध थांबवल्यावरही राहिल्याच्या नोंदी आहेत, तर हा निर्णय त्याने माहिती घेऊन घ्यायचा, वडिलांच्या बाटलीतून गुपचूप नाही. आणि त्याचं लग्न झालेलं असेल, घरात दिवस राहिलेलं कुणी असेल, तर फिनास्टेराइडची फुटलेली गोळी त्या बाईने हाताळायची नाही, सॉ पाल्मेटोही गर्भारपणात घ्यायचं नाही.

बाटली आणलीच असेल आणि टाकवत नसेल तर असं करा. तपासण्या होईपर्यंत कपाटात राहू द्या. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर उघडूच नका, ऑपरेशन ठरलं असेल तर दोन आठवडे आधी बंद आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांगायचं, सॉ पाल्मेटो घेणाऱ्याला ऑपरेशनमध्ये अनपेक्षित रक्तस्राव झाल्याची नोंद आहे. सगळं नॉर्मल आलं आणि तरी घ्यायचीच असेल तर आधी आयपीएसएसची प्रश्नावली भरून तारीख टाकून ठेवा, तीन महिन्यांनी आधीचे गुण न बघता पुन्हा भरा, फरक निदान तीन गुणांचा नसेल तर दुसरी बाटली आणू नका. मी मात्र व्हिटॅमिन ई आणि सेलेनियम असलेली बाटली तुमच्या जागी असतो तर घेतली नसती.

तीन दिवसांची वही झाली की आकडे इथे टाका, रात्रीचे वेगळे लिहा, आणि ब्लड प्रेशरची गोळी चालू असेल तर तिचं नाव आणि ती कधी घेता ती वेळ, ते तुम्ही प्रश्नात लिहिलेलं नाहीये.